एक बेल थांबा, दोन बेल चला

४ फेब्रुवारी

चि. खडू,

आशीर्वाद. मी फोनवर बोलायला लागले की तू फोन कानापासून हातभर लांब धरतोस हे मला ठाऊक आहे, म्हणून पत्र लिहितेय. एकोणतीस वर्षं चालत्या गाडीत 'पुढे सरका' ओरडून माझा आवाज घरातही खाली येत नाही. कागदावर मात्र मी बऱ्यापैकी माणसासारखी बोलते, असं तूच एकदा म्हणाला होतास.

बातमी अशी की तीस एप्रिलला तुझी आत्या निवृत्त होते. शेवटची फेरी आपली नेहमीचीच, संध्याकाळी साडेपाचची, डेपो ते पाण्याची टाकी. ड्रायव्हर अर्थातच मौनीबाबा. त्यांची कवळी अजून सैल आहे आणि तोंड उघडलं की खाली येते, म्हणून ते तोंड उघडत नाहीत. अकरा वर्षांत आमच्यात जे काही बोलणं झालं ते सगळं बेलवर. एक दिली की थांबतात, दोन दिल्या की निघतात. असा नवरा कोणी दाखवला असता तर मी लग्नाला नाही म्हटलं नसतं.

तर त्या फेरीला तू यायचंस. शाळा सुटली की तू माझ्या गाडीत दाराजवळच्या सीटवर बसून गृहपाठ करायचास, एका हातात पेन्सिल आणि दुसऱ्या हातात शाळेतून ढापलेला, अर्धा खाल्लेला खडू. आणि डोळे बेलच्या दोरीवर. "आत्या, एकदाच ओढू दे ना." मी कधी ओढू दिली नाही. दोरी कंडक्टरची, नियम म्हणजे नियम.

तू घरी येऊन चार वर्षं झाली. चष्म्याच्या दुकानात फार काम असतं, असं मी विचारणाऱ्यांना सांगते. त्यांचं समाधान होतं, माझं होत नाही. तुझ्याबरोबर राहतो त्या कवळीवाल्यालाही घेऊन ये. दुसरं काही नाही, तर मौनीबाबांचे दात तरी बसतील.

तुझी,
आत्या

---

१५ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तू निवृत्त होणार हे वाचून आधी हसू आलं आणि मग थोडं रडू. तुझ्याशिवाय ती गाडी कशी निघणार, हेच मला कळत नाही.

यायचं म्हणशील तर अवघड आहे. एप्रिलच्या शेवटी आमच्या दुकानातर्फे शाळांमध्ये डोळे तपासायचं शिबिर असतं. दोनशे पोरं ओळीने उभी राहतात, आणि त्यांतली निम्मी नवा चष्मा मिळावा म्हणून मुद्दाम अक्षरं चुकीची वाचतात. त्यांना पकडणारा मी एकटाच आहे.

कवळीवाला नमस्कार सांगतो. आता दात बनवण्यात त्याचा हात इतका बसलाय की रस्त्यात कोणी हसलं तरी हा त्यांच्या हिरड्या बघत बसतो. मौनीबाबांच्या तोंडाचं माप पाठवलंस तर इथून करून देईन म्हणतो. त्यासाठी आम्ही यायलाच हवं असं नाही.

मागची लांब सीट अजून खडखडते का?

तुझा,
खडू

---

२७ फेब्रुवारी

चि. खडू,

शिबिराला माझा शाप नाही, पण आशीर्वादही नाही. आता तुझ्या आत्याचा पराक्रम ऐक, म्हणजे कदाचित मत बदलेल.

मंगळवारची साडेपाचची फेरी, गाडी बऱ्यापैकी भरलेली. मधल्या सीटवर दोन पुरुष बसले होते, चाळिशीच्या आसपासचे, नीटनेटके. एकाने दुसऱ्याचा हात घट्ट धरला होता. तुला छत्रीवाले साहेब आठवतात ना? उन्हातही छत्री बाळगणारे, तिसऱ्या सीटवर बसणारे, दर थंडीत मला खोकल्याच्या गोळ्या देणारे. माणूस वाईट नाही, पण उचलली जीभ लावली टाळ्याला. ते शेजारच्याला म्हणाले, अख्ख्या गाडीला ऐकू जाईल अशा बेताने, "यातली वहिनी कोण?" दोन-चार जण फिसकन हसले.

आणि मी सिंगल बेल दिली.

जवळपास स्टॉप नव्हता, काही नव्हतं. मौनीबाबांनी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. मी पुढे जाऊन मध्ये उभी राहिले आणि जे सुटले ते सुटलेच. हात कोणाचा धरायचा हे कोणाच्या तिकिटावर छापलेलं नाही, म्हटलं. या गाडीत दांडा धरता येतो, तसा माणसाचा हातही धरता येतो. ज्याला बघवत नाही त्याने बाहेर बघावं, खिडक्या त्यासाठीच ठेवल्या आहेत. आणि शेवटी म्हटलं, हसतील त्यांचे दात दिसतील, आणि मला सगळ्यांचे दिसले आहेत.

मग त्या दोघांतला एक उठला, माझ्या आवाजाकडे तोंड वळवलं आणि शांतपणे म्हणाला, "बाई, भाषण फार छान झालं. फक्त माणसं चुकीची निवडलीत. मला दिसत नाही. हा माझा धाकटा भाऊ आहे."

काळा चष्मा होता रे. पांढरी काठी घडी करून मांडीवर ठेवलेली होती. सगळं समोर होतं आणि मला फक्त हात दिसला. मग गाडी जी हसायला लागली ती स्टॉप आला तरी थांबेना. त्या गृहस्थांना तर हसून हसून ठसका लागला. उतरताना मला म्हणाले, "भाषण टाकून देऊ नका बाई, कुठेतरी लागेल."

एकटे छत्रीवाले हसले नाहीत. ते डेपोत गेले आणि गाडी विनाकारण चार मिनिटं उभी केल्याची तक्रार देऊन आले. आता मॅनेजरसाहेबांनी माझ्याकडून आणि मौनीबाबांकडून लेखी खुलासा मागवलाय. मागू देत. मला जराही पश्चात्ताप नाही. आता तरी येशील ना? बघ तुझी आत्या काय चीज आहे.

तुझी,
आत्या

---

९ मार्च

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी मोठ्याने वाचून दाखवलं. कवळीवाला खुर्चीवरून पडायचा राहिला. चष्मेवाला म्हणून माझा सल्ला असा की दोन्ही डोळे ताबडतोब तपासून घे. नंबर मी फुकट काढून देईन.

इथपर्यंतचं आम्ही दोघांनी मिळून लिहिलं. पुढचं मी एकट्याने लिहितोय.

आत्या, तू त्या माणसासाठी गाडी थांबवलीस याचा मला अभिमान वाटला. आणि लगेच रागही आला. कारण तो विनोद मी आधी ऐकलाय. चार वर्षांपूर्वी, तुझ्याच गाडीत.

रात्रभर प्रवास करून आम्ही तुझ्याकडे येत होतो. मागच्या लांब सीटवर बसलो होतो आणि तो माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपून गेला होता. कोणीतरी पुढून वळून बघितलं आणि म्हणालं, यातली वहिनी कोण. गाडी हसली. तू दोन हातांवर उभी होतीस. मी तुझ्याकडे पाहिलं. तू तिकिटांच्या पेटीत बघितलंस आणि डबल बेल दिलीस. गाडी हलली नाही, तेव्हा तू पुन्हा डबल बेल दिलीस.

पुढच्याच स्टॉपवर आम्ही उतरलो आणि परत गेलो. तुला सांगितलं की दुकानातून बोलावणं आलं. खरं म्हणजे तुझ्या बेलपेक्षा मला माझा खांदा जास्त बोचतो. हसणं ऐकून मी त्याचं डोकं हळूच सरकवलं होतं. तो जागा झाला, खिडकीकडे सरकला, आणि तेव्हापासून बाहेर कुठेही गेलो की आम्ही दोन जागा सोडून बसतो. इतकी सवय झालीय की आता ठरवावंही लागत नाही.

तू अनोळखी माणसासाठी गाडी थांबवलीस. माझ्यासाठी नाही थांबवलीस. म्हणून तीस एप्रिलला मी येणार नाही. शिबिर वगैरे काही नाही, ते फेब्रुवारीतच झालं.

खडू

---

२ एप्रिल

खडू,

चार कागद फाडले, हा पाचवा आहे.

ऐकू आलं होतं मला. इंजिनाचा आवाज होता, गर्दी होती, माझं लक्ष नव्हतं, हे सगळं मी चार वर्षं स्वतःला सांगत आले. तू त्यातलं काहीच न बघितल्यासारखा गेलास, म्हणून मलाही ते खरं वाटायला लागलं. खरं एवढंच की मला भीती वाटली. ती सगळी रोजची माणसं. दुसऱ्या दिवशी कोणीतरी विचारणार, बाई, तो तुमचाच भाचा ना? आणि मला हो म्हणावं लागणार. ज्याला मी लहानाचा मोठा केला, त्याच्यासाठी एक 'हो' मला जड झाला.

तुला माहीत नाही ते सांगते. पहिल्या डबल बेलला मौनीबाबांनी गाडी का हलवली नाही? ते आरशातून माझ्याकडे बघत होते. त्यांनी तुला ओळखलं होतं. त्यांना वाटलं, बाईंची बेल चुकली. मी पुन्हा दिली तेव्हा त्यांनी मान खाली घातली आणि गिअर टाकला. त्या दिवसापासून मी त्यांच्या आरशात बघत नाही.

त्या मंगळवारचं भाषण म्हणजे वरातीमागून घोडं होतं. ते चार वर्षं माझ्या घशात अडकून बसलं होतं, आणि सुटलं ते भलत्याच माणसांवर. म्हणे तुझी आत्या काय चीज आहे. लिहिताना जीभ कशी झडली नाही, म्हणजे पेन.

मला माफ कर. तू आला नाहीस तरी माफ कर.

खुलाशाचं सांगायचं राहिलं. मी तीन पानं लिहिली. गाडीत कोणाचा अपमान होत असेल तर ती पुढे नेणं सुरक्षित नाही, असं नियमाच्या भाषेत बसवलं. मौनीबाबांनी अख्ख्या पानावर एकच ओळ लिहिली: 'बेल मिळाली. थांबलो.' मॅनेजरसाहेबांनी दोन्ही वाचले आणि मला लेखी ताकीद दिली. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत पहिला शेरा. मी तो काचेत बसवून भिंतीवर लावलाय.

त्याला सांग, त्याची झोप मी मोडली. तू नाही.

आत्या

---

१४ एप्रिल

आत्या,

सा. न. हे कार्ड तुमच्या भाच्याला न सांगता लिहितोय, म्हणून अक्षर घाईचं आहे.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी त्याने ते तीनदा वाचलं आणि 'मी जाणार नाही' असं मला बजावलं. मी विचारलंसुद्धा नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बजावलं. परवा माळ्यावरून मोठी बॅग काढली आणि म्हणाला, उगीच धूळ झटकतोय. काल त्यात माझा निळा शर्ट दिसला.

मला त्या दिवसाचा राग नाही असं नाही. पण मला झोप प्रिय आहे, आणि चार वर्षांत कुठल्याही गाडीत मला तशी झोप लागलेली नाही. ती परत मिळते का बघायचंय.

ड्रायव्हरसाहेबांना सांगा, मापाचं साहित्य मी बॅगेच्या तळाशी आधीच ठेवलंय. तोंड उघडायची तयारी ठेवा म्हणावं.

तुमचा,
कवळीवाला

---

५ मे

प्रिय आत्या,

तीस तारखेला तुझ्याभोवती इतकी माणसं होती आणि नंतर तू इतकी बडबडत होतीस की मला काही सांगताच आलं नाही. तू मागच्या दाराशी होतीस. तिसऱ्या सीटवरून काय दिसलं, ते तुला माहीत नाही.

डेपोत गाडीत चढलो आणि सवयीने आम्ही वेगळे झालो. तो मागे लांब सीटवर गेला, मी पुढे सरकलो. जागा उरली होती ती नेमकी छत्रीवाल्यांच्या शेजारी. चढताना तू आम्हाला बघितलंस, आणि तुझा चेहरा मी पाहिला. तिकीट देताना मात्र तू मला अनोळखी प्रवाशासारखं 'सुटे आहेत का' विचारलंस. मला वाटलं, झालं, पुन्हा तेच. तुझ्या खिशात भाषणाचा कागद होता हे मला नंतर कळलं. तू कोणीतरी काहीतरी बोलेल म्हणून वाट बघत होतीस, आणि त्या दिवशी गाडीत कोणी म्हणजे कोणी काही बोलेना. बोलणार काय? आम्ही दोघं एकमेकांचे कोणीच दिसत नव्हतो.

चौथा स्टॉप गेला तेव्हा मी बॅग हातात घेतली होती. पाचव्यावर उतरणार होतो. हे मी कवळीवाल्यालाही सांगितलेलं नाही.

आणि तू सिंगल बेल दिलीस.

मौनीबाबांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. तू चालत पुढे आलीस, कागद काढलास, बघितलास आणि परत खिशात कोंबलास. तू जे बोललीस ते मी इथे लिहून ठेवतो, कारण तुला आता त्यातलं काही आठवत नाही म्हणतेस.

"हा माझा भाचा. माझ्या घरात वाढला. मागे निळ्या शर्टात बसलाय, तोही माझाच. दोघं एका घरात राहतात आणि माझ्या गाडीत सहा सीट लांब बसलेत. ते माझ्यामुळे. साहेब, सरकून घ्या."

आयुष्यभर तू 'सरकून घ्या' ओरडत आलीस. त्या दिवशी पहिल्यांदा हळू म्हणालीस, आणि तेच सगळ्यात लांबपर्यंत ऐकू गेलं.

तेवढ्यात मागून तो आवाज आला, तुझे अंध गृहस्थ. "बाई, आज माणसं बरोबर निवडलीत ना?" तू म्हणालीस, आज चूक व्हायची नाही, हा घरचा माल आहे. गाडी हसली. आत्या, तेच हसणं, तीच गाडी, पण या खेपेला मला खाली बघावंसं वाटलं नाही.

छत्रीवाले मात्र बसूनच होते. तेव्हा मौनीबाबा सीटवरून वळले आणि म्हणाले, "तो बसल्याशिवाय गाडी निघणार नाही." अकरा वर्षांतलं पहिलं वाक्य, आणि संपता संपता कवळी मांडीवर. पूर्ण वाक्य झाल्यावरच पडली, हे कवळीवाल्याने खास नोंदवलंय.

आता तू ऐकलं नाहीस ते. उठताना छत्रीवाले माझ्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "चार वर्षांपूर्वी ते मीच बोललो होतो. तुम्ही विसरला असाल." मी म्हणालो, नाही विसरलो. ते म्हणाले, "मी विसरलो होतो. बाईंनी फेब्रुवारीत गाडी थांबवली तेव्हा आठवलं. म्हणून तर तक्रार केली." मग खिशातून खोकल्याच्या गोळ्या काढल्या आणि माझ्यापुढे धरल्या. मी दोन घेतल्या, एक त्याच्यासाठी. याला माफी म्हणायचं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. गोळी चांगली होती.

तो येऊन बसला. लगेच खांद्यावर डोकं टाकून डोळे मिटले. झोप नव्हती, निव्वळ सोंग होतं. झोपला की तो घोरतो. मी खांदा हलवला नाही.

आणि मग तू दोरी सोडवून माझ्या हातात दिलीस. मी म्हणालो, नियम? तू म्हणालीस, एक ताकीद काचेत आहे, शेजारी अजून जागा आहे. मी ओढली. एक, दोन. शाळेत असल्यापासून ज्यासाठी तुझ्यामागे लागलो होतो ती बेल मी वाजवली, आणि मौनीबाबा निघाले. मला बेलचा आवाज नीट ऐकूच आला नाही, कारण मी रडत होतो. तूही रडत होतीस. नाही म्हणू नकोस, चष्मेवाल्याला डोळ्यांतलं कळतं.

तुझा,
खडू

---

१३ मे

चि. खडू आणि चि. कवळीवाला,

दोघांनाही आशीर्वाद. यापुढे एकाच पाकिटात दोघांना लिहीन, तिकीट वाचेल. कवळीवाल्याला मी काय म्हणायचं हा प्रश्न चार दिवस डोक्यात होता. शेजारीण म्हणाली, जावई म्हणा. मी म्हटलं, नको, मग लोक पुन्हा विचारत बसतील की सून कोण. मला भाचे दोन झाले, विषय संपला. तेव्हा कवळीवाल्या, तूही मला आता 'तुम्ही' म्हणू नकोस, आणि 'सा. न.' वगैरे तर मुळीच नको.

मी रडत नव्हते. डोळ्यात धूळ गेली होती. दोन्ही डोळ्यांत.

छत्रीवाले काल भाजीच्या दुकानात भेटले. नव्या कंडक्टरबद्दल तक्रार करत होते, की तो फार भराभर बेल देतो. जाता जाता विचारलं, "भाचे बरे आहेत ना?" भाचे म्हणाले, भाचा नाही. मी म्हटलं, हो, दोघंही बरे आहेत. तो 'हो' किती हलका होता रे. एवढ्याशासाठी मी चार वर्षं घालवली.

कवळीवाल्या, तुझ्याविरुद्ध मात्र माझी तक्रार आहे. तू मौनीबाबांचे दात इतके पक्के बसवलेस की ते आता बोलायचे थांबत नाहीत. अकरा वर्षांचं साठलेलं सगळं बाहेर येतंय. रोज संध्याकाळी येतात, चहा पितात आणि बोलतात. परवा मी समोरच्या पेल्यावर चमच्याने एक टोला मारून पाहिला. लगेच थांबले. सवय जात नाही म्हणतात ते काही खोटं नाही. पण मग मला गप्प बसलेले बघवेनात, म्हणून पुन्हा दोन मारले.

डेपोने निरोपाला काय हवं विचारलं. मी बेलची दोरी मागितली. मॅनेजरसाहेबांनी सरकारी मालमत्ता वगैरे म्हणून पाहिलं, मग जुनी म्हणून काढून दिली. मौनीबाबांनी ती माझ्या दाराला बांधून दिली आहे, आत छोटी घंटा आहे. मागच्या खोलीत तुमच्या दोघांची गादी घातली आहे, एकच, मोठी. दिवसाही झोपायला हरकत नाही, कोणी उठवणार नाही.

आलात की दोरी एकदा ओढा, मी दार उघडेन. दोनदा ओढायची घाई करू नका.

तुमची,
आत्या